थोरल्या चेअरमनच्या धोतरावरचा पिच्चर

कमल,

रविवारी तुझ्या शोकसभेतून मी मधेच उठले, गावच्या शेतकी सोसायटीच्या हॉलमागं गेले आणि बोअरच्या पाइपाला धरून ओकले. सकाळपासून पोटात एका चहाशिवाय काही नव्हतं, त्यामुळं बाहेर पडायलाही फार काही नव्हतं. तुझी सुजाता पाण्याची बाटली घेऊन मागोमाग आली. तिला वाटलं, आईची मैत्रीण, मावशीला दुःख सहन होईना. मी तिला खरं सांगितलं नाही. दुःख होतं, ते आहेच, ते कुठं जात नाही. पण ओकारी दुःखानं आली नव्हती. किळसेनं आली होती.

तू असतीस तर म्हणाली असतीस, नंदे, तुला कशाची किळस येत न्हाई तेवढं सांग, म्हणजे लवकर उरकंल. दुधावरची साय, लग्नात ताटात टाकून दिलेला भात, पुढाऱ्यांच्या बोटांतल्या अंगठ्या, एसटीच्या सीटचा वास. सगळी नोकरी मी पतसंस्थेच्या काउंटरमागं काढली, तिथं तर रोजच नाक मुठीत धरून बसावं लागायचं. तू मात्र कोपरापर्यंत शेणात हात घालून हसणारी बाई. आपलं जमलं कसं, याचं लोकांना कोडं होतं. मलाही होतं, फक्त मी ते कधी सोडवायला बसले नाही.

आधी सभेचं सांगते. हॉलच्या दारावर फ्लेक्स लावला होता. त्यावर धाकल्या चेअरमनचा फोटो तुझ्या फोटोपेक्षा मोठा. परगावचा माणूस आला असता तर तेच गेले असं समजून हळहळला असता. सभा उशिरा सुरू झाली, कारण साहेब वडवणीच्या एका लग्नातून येत होते. आले तेव्हा कपाळावरच्या अक्षता तशाच होत्या. दोन मिनिटं स्तब्धता पाळायची म्हणून सगळे उभे राहिले, आणि मधेच कुणाच्या तरी खिशातल्या फोनमधून लावणी वाजायला लागली. त्यानं फोन बंद केला नाही, बाहेर जाऊन बोलला.

मग धाकले चेअरमन बोलायला उभे राहिले. कमलताई आमच्या घरच्यासारख्या होत्या, म्हणाले. पोरांना शिकवलं, सोसायटीवर संचालक म्हणून काम केलं, असं सगळं रीतसर झालं. आणि मग त्यांनी त्या पिच्चरचा विषय काढला. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वडिलांनी जनावरांची छावणी चालवली, तिथल्या लेकरांसाठी पिच्चर आणला, पडदा फाटका निघाला तर स्वतःची धोतरं दिली, तो आपल्या लहानपणातला सगळ्यात आनंदाचा दिवस होता असं कमलताईंनीच मला सांगितलं होतं, असं म्हणून त्यांनी डोळ्याला रुमाल लावला.

यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं, कमल. म्हणून तर ते ऐकवेना.

छावणी तुला सांगायला नको, पण मला ती एकदा माझ्या तोंडानं सांगू दे. गावाच्या माळावर सोसायटीनं चारा छावणी उघडली होती. आमच्या घरचे पुरुष खडी फोडायला रस्त्यावर, आणि मी, काकू आणि आमची जनावरं छावणीत. शाळेला सुटी लागली होती. चारा म्हणजे कारखान्याच्या भागातून ट्रकनं येणारं उसाचं वाढं, तेही वाटेत वाळून कातड्यासारखं झालेलं. दावणीला बांधलेल्या बैलांची हाडं मोजून घ्यावीत अशी. माशा इतक्या, की बोलायला तोंड उघडायची भीती वाटायची. म्हशीच्या कानातले गोचीड फुगून द्राक्षाएवढे व्हायचे आणि पायाखाली आले की फुटायचे. खायला रेशनवर आलेल्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची भाकरी. तिला मातीचा वास यायचा आणि ती घशात अडायची. मला वाटतं, माझी सगळी किळस तिथंच जन्माला आली. तुझं हसूही तिथंच जन्मलं असावं, त्याच माळावर, त्याच महिन्यात.

तुमच्या गावकुसाबाहेरच्या वाड्यातली माणसं छावणीच्या शेवटच्या अंगाला, उकिरड्याच्या वाऱ्याखाली. तुझे वडील सगळ्या छावणीचं वाढं तोडायचे, आई शेण उचलायची, आणि तुमची एकच म्हैस होती, ती सगळ्यात कडेला. हौदाजवळ तुम्ही जात नव्हता. टँकर आला की आधी जनावरं, मग आम्ही, मग कुणीतरी वरून तुमच्या भांड्यात ओतायचं. तुझं नाव कमल आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी तुला "शेवटच्या म्हशीची पोरगी" म्हणून ओळखायचे.

एके दिवशी बीडहून जीप आली. तिच्यात पिच्चरचं मशीन, चालवायला जनरेटर, आणि दोन डब्यांत रिळं. पडदा उलगडला तर मधोमध उंदरांनी कुरतडलेला. तेव्हा थोरल्या चेअरमननी, म्हणजे या धाकल्याच्या वडिलांनी, घरून दोन धोतरं मागवली. कुणीतरी ती सुईदोऱ्यानं जोडून दोन बांबूंना ताणून बांधली. धोतर तलम होतं. उजेड आरपार जायचा. तेव्हा सोसायटीच्या माणसानं ठरवून टाकलं, की मशीनच्या बाजूला आम्ही बसायचं आणि तुम्ही पलीकडं, पडद्याच्या मागच्या अंगाला. दिसतंय की तिकडून बी, असं तो म्हणाला. कुणी काही बोललं नाही. आमच्या बाजूचं नाही, तुमच्या बाजूचंही नाही.

दिवस मावळला आणि पिच्चर लागला. हिंदीतला, लेकरांचा. शहरातली पोरं उन्हाळ्याच्या सुटीत डोंगरावरच्या शिबिराला जातात. तंबू, शेजारी तळं, तळ्यात होडी. एक मिशाळ शिबिरप्रमुख, त्याची शिट्टी, आणि एक ढेरपोट्या आचारी. पोरं प्रमुखाच्या अंथरुणात बेडूक सोडतात, त्याच्या मिशांना झोपेत खीर लावतात, मग ती खीर एकमेकांच्या तोंडावर फेकतात, आणि सगळ्यांनी मिळून होडी उलटवतात. एवढीच गोष्ट. आम्ही छावणीतच राहत होतो, आणि पडद्यावरही छावणीच होती, पण तिकडं पाणी होतं. होडी पहिल्यांदा पाण्यात गेली तेव्हा आमच्या बाजूला कुणी हसलं नाही. म्हातारी माणसं नुसती "आगं आय" म्हणाली. इतकं पाणी एका जागी बघून.

मी मधेच लघवीला म्हणून उठले, अंधारात दावणीला वळसा घालून परत आले आणि चुकून पडद्याच्या मागं पोचले. तिथं पिच्चर चालू होता, पण माणसं उलट्या बाजूला पळत होती. मला वाटलं, मागं दुसराच पिच्चर लावलाय. आम्हाला एकच आणि ह्यांना दुसरा. मी उभी राहून बघत राहिले. तू गोणपाटावर बसली होतीस. तू सरकलीस, अर्धं गोणपाट मला दिलंस, आणि तोंडावर हात ठेवून म्हणालीस, "बस की. आता तो जाड्या पडनार हाय." तो पडायच्या आधीच तू हसायला लागली होतीस. मग तो पडला. मग मीही हसले. त्या छावणीत आल्यापासून मी पहिल्यांदा हसले असेन.

किती वेळ बसले माहीत नाही. रीळ संपलं, बदलायला थांबले, जीपचे दिवे लागले आणि काकूला मी दिसले. तिनं माझी वेणी धरली आणि दावणीपर्यंत ओढत नेलं. तिथं आमच्या वाट्याचा हंडा झाकून ठेवला होता. दोन दिवस प्यायचं पाणी होतं ते. काकूनं तो उचलला आणि माझ्या डोक्यावर ओतला. सगळा. सगळ्यांच्या देखत. कुणी तिला अडवलं नाही, कारण ज्याच्या त्याच्या मते ती बरोबर करत होती. पाणी माझ्या परकरावरून खाली मातीत गेलं. आमचं वासरू दावं ताणून आलं आणि माझा परकर चोखायला लागलं, मग माती चाटायला लागलं. तेवढ्यात दुसरं रीळ सुरू झालं आणि सगळे परत पडद्याकडं वळले.

दुसऱ्या दिवशी काकूनं आणि मी शेजारच्या दावणीवरून तांब्याभर पाणी मागून आणून ओठ ओले केले. मी तोंड सुजवून वाढ्याच्या ढिगामागं बसले होते. तू आलीस, लांबच उभी राहिलीस. माझ्याकडं बघून म्हणालीस, "तुला तर लई पानी मिळालं. पिच्चरमधल्यावानी." मग तू जरा पुढं सरकून, आवाज खाली आणून विचारलंस, "उद्या बी बसतीस का माझ्यापाशी? काकू परत वतंल. मी खाली हंडा धरते."

तू चेष्टा करत होतीस की खरं विचारत होतीस, ते मला आजवर कळलेलं नाही. पुष्कळदा विचारायचं ठरवलं. मोठेपणी आपण एका ताटात जेवलो, तू माझ्याकडं बीडला राहून डीएडची परीक्षा दिलीस, माझ्या बाळंतपणाला तू आलीस, सुजाताच्या वेळी मी. इतक्या गोष्टी बोललो आणि हे विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर तू हसली असतीस आणि मला तरीही कळलं नसतं.

आपली सगळी भांडणं त्या पिच्चरवरून. होडी कुठल्या अंगाला उलटली, आचारी कुठल्या हातानं डाव फिरवायचा, मिशाळाची टोपी डावीकडं तिरकी होती की उजवीकडं. तू म्हणायचीस डावीकडं, मी म्हणायची उजवीकडं. वडवणीच्या बाजारात भाजी घेताना, एसटीत, तुझ्या लग्नाच्या मांडवात, कुठंही. कुणाचा नवरा मधे पडला तर दोघी त्याच्यावर घसरायचो. आणि एक दिवस, तुझ्या शाळेच्या ओट्यावर, तू अगदी सहज बोललीस: अगं नंदे, मी पिच्चर चेअरमनच्या धोतरातनं बघितला, तू धोतराच्या वरनं. दोघींचं बी बरोबर हाय. आणि हसलीस. तुला हे पहिल्यापासून माहीत होतं. गंमत म्हणून तू ती भांडणं चालू ठेवली होतीस. मला मात्र त्या दिवसापासून त्या पिच्चरचा वीट आला. कुणी शिबिर म्हटलं तरी मला उकिरड्याचा वास यायचा. माझ्या मुलाला शाळेनं उन्हाळी शिबिराला न्यायचं ठरवलं तेव्हा मी नको म्हणाले, आणि कारण सांगता आलं नाही.

मग तू सोसायटीवर संचालक झालीस, राखीव जागेवर. मी म्हटलं, त्यांना तुझी सही पाहिजे, तू नको. तू म्हणालीस, असू दे, खुर्ची तर लाकडाची खरी हाय. त्यानंतरच्या दुष्काळात परत छावणी उघडली, ह्या वेळी धाकल्याची. गावातली अर्धी जनावरं आणि वस्तीवरची लेकरं तिथंच. तू शाळेतली पोरं घेऊन गेलीस आणि त्यांना पिच्चर दाखवायचा म्हणून धाकल्याकडं परवानगी मागितलीस. तेव्हाच तू त्याला जुनी गोष्ट सांगितलीस असणार. मी त्या दिवशी आले होते. पडद्यावर थोरल्या चेअरमनच्या स्मरणार्थ असं लिहिलेलं कापड बांधलं होतं, धाकला पोरांच्या मधोमध उभा राहून फोटो काढून घेत होता, आणि मागं एक गाय मरून पडली होती ती अजून उचलली नव्हती. मी तुला म्हटलं, कमे, तू ह्या माणसाला सजवतीस. तू विचारलंस, पोरं कुठं बसलीत ते बघितलंस का. मी बघितलं. सगळी समोरच बसली होती, एकमेकांच्या मांडीवर पाय टाकून. तू त्यांच्या पुढं जमिनीवर बसलीस आणि मी मागं खुर्चीवर, नाकाला पदर लावून.

हे झालं पूर्वीचं. खरं भांडण गेल्या दिवाळीनंतरचं.

सुजातानं तो पिच्चर कुठून तरी शोधून काढला. मला फोन केला, मावशी, आईला सांगू नका, या. मी आले. आपण दोघी तुझ्या वडवणीच्या घरात टीव्हीसमोर बसलो, चिवड्याची ताटली मधे. पिच्चर सुरू झाला आणि मला पहिल्या दहा मिनिटांतच कसंतरी व्हायला लागलं. जाड्या पोराला सगळे हत्ती म्हणतात आणि त्यावर हसायचं असतं. अडखळत बोलणाऱ्या पोराची नक्कल. काळ्या आचाऱ्याच्या रंगावर विनोद. आणि ती खीर. भांडंभर खीर भिंतीवर, तोंडावर, मातीत. मला आमची मिलोची भाकरी आठवली आणि चिवडा खाली ठेवावा लागला. किती भिकार पिच्चर होता तो, कमल.

तू मात्र हसत नव्हतीस. तू कपाळाला आठ्या घालून बघत होतीस. होडी आली तेव्हा म्हणालीस, "हे उलटं हाय." सुजाता म्हणाली, आई, हेच सुलट आहे. तू ऐकलं नाहीस. उठलीस, दाराजवळचा वेणीफणीचा आरसा खिळ्यावरून काढलास, टीव्हीकडं पाठ करून आमच्या मागं पाटावर बसलीस आणि आरसा दोन्ही हातांत धरून त्याच्यात बघायला लागलीस. जाड्या पडायच्या आधीच तुझे खांदे हलायला लागले. मग तू हसलीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आरसा थरथरेपर्यंत. सुजाताही तुझ्याशेजारी जाऊन आरशात बघून हसायला लागली. मी तुमच्या दोघींच्या पाठीकडं आणि त्या टीव्हीकडं आळीपाळीनं बघत होते. मला सहन झालं नाही.

मी म्हटलं, "कमे, अजून त्यांच्या पडद्यामागंच बसलीस तू."

तू आरसा खाली ठेवला नाहीस. त्यातूनच माझ्याकडं बघितलंस.

"मागं तुमी होता, नंदे. माझ्या तर समोर पिच्चर होता."

मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. म्हटलं, खायला अन्न नव्हतं आणि ते अन्न फेकत होते, त्याच्यावर तू हसलीस, आणि आम्हाला कुठं बसवलं, तुला कुठं बसवलं, याचं तुला काहीच कसं वाटत नाही. तेव्हा तू वळलीस. तुझा जो आवाज शाळेतल्या पोरांना सुद्धा कधी ऐकू आला नसेल, तो मी त्या दिवशी ऐकला.

"वाटत न्हाई असं का म्हून म्हनतीस? मला रोज वाटायचं. हौदावर वाटायचं, शाळेत वाटायचं, तुझ्या काकूच्या दारात वाटायचं. त्या एका दिवशी न्हाई वाटलं. भुकेल्या पोरीला फेकलेली खीर बघून हसू आलं, काय करू मी? तुझी किळस तुझ्यापाशी ठेव. तेवढं हसू माझं हाय, ते खरवडून नेऊ नको."

सुजातानं टीव्ही बंद केला. मी पिशवी उचलली आणि चहा न घेता संध्याकाळची बीडची गाडी धरली.

त्यानंतर आपण बोललो नाही असं नाही. फोनवर बोललो. तुझा रक्तदाब, माझे गुडघे, सुजाताची बदली. पिच्चरचं नाव कुणी काढलं नाही. मला वाटायचं, गुढीपाडव्याला जाऊ तेव्हा बोलू. मी रोज मनात उत्तर तयार करत होते. कधी वाटायचं तुझं बरोबर आहे आणि ते सांगावं. कधी वाटायचं छे, माझंच बरोबर, मी पाणी अंगावर घेतलंय, मला किळस यायचा हक्क आहे. मग आठवायचं, की ते पाणी तुला स्पर्श केला म्हणून ओतलं होतं. मग मी उत्तर परत पहिल्यापासून तयार करायची.

मग दवाखाना. तू इतकी लहान झाली होतीस त्या खाटेवर, की मला आधी दुसऱ्याच बाईजवळ आल्यासारखं वाटलं. नर्स पातळ खिचडी ठेवून गेली होती. तू चमचा उचललास, तिरका धरलास, दाराकडं बघितलंस आणि म्हणालीस, डॉक्टर आला की मारू का फेकून, पिच्चरमधल्यावानी. तू माझ्याकडं हात पुढं केला होतास, कमल. भांडण मिटवायचं होतं तुला, किंवा नुसतं हसायचं होतं. आणि मी घाबरले होते, चादरीवर सांडेल, तू दमशील, खोकला येईल. मी म्हटलं, "गप खा."

तू गप खाल्लंस. दोन चमचे. मग डोळे मिटलेस. पहाटे सुजाताचा फोन आला.

म्हणून मी त्या सभेत बोलायला उभी राहिले. मला दोन शब्द बोला म्हणाले होते, मैत्रीण म्हणून. धाकल्याचं धोतराचं कौतुक ऐकून झाल्यावर मी माइकजवळ गेले आणि सगळं सांगितलं. कोण कुठं बसलं होतं ते. वाढं कोण तोडायचं, पाणी कोण वरून ओतायचं. हंड्याचं सांगितलं. आवाज चढू दिला नाही. मला वाटलं, आता तरी कुणीतरी खाली बघेल.

धाकल्या चेअरमननी माइक माझ्या हातातून हळूच घेतला. म्हणाले, नंदाताई फार मनापासून बोलल्या, असेच दिवस होते ते, पण बघा, त्या काळात सुद्धा थोरल्या साहेबांनी दोन्ही बाजूंच्या लेकरांना पिच्चर दाखवला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत, कमल. तुझ्या फोटोला हार होता आणि ते टाळ्या वाजवत होते. शेवटच्या रांगेत तुझ्या वाड्यातली दोन म्हातारी माणसं बसली होती, त्यांनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. तेव्हा मी बाहेर गेले.

सोमवारी सकाळी सोसायटीचा कारकून वडवणीला तुझ्या घरी आला. साहेबांची इच्छा आहे, म्हणाला, ताईंचा फोटो हॉलमध्ये कायमचा लावायचा, थोरल्या साहेबांच्या शेजारी. मी सुजाताला आत नेलं आणि म्हटलं, द्यायचा नाही. त्यांच्या भिंतीला तू पाहिजेस, म्हणजे पुढच्या निवडणुकीला बोट दाखवता येईल. सुजातानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मावशी, आई असती तर काय केलं असतं?"

मी तिथंच मोरीच्या उंबऱ्यावर बसले. मला माहीत होतं तू काय केलं असतंस. तू दिला असतास. भिंत तर विटांची खरी हाय, म्हणाली असतीस. गावातल्या पोरी वर मान करून बघतील, विचारतील ही कोण. मला ते पटत नव्हतं, अजूनही पूर्ण पटलेलं नाही, आणि तुझ्याशी वाद घालायला तू नव्हतीस. तेव्हा मी फोटो शोधायला बसले. ट्रंकेत तुझे गंभीर फोटो पुष्कळ निघाले, पदर डोक्यावर, हात मांडीवर. मी शाळेच्या स्नेहसंमेलनातला उचलला. त्यात कुणीतरी काहीतरी बोललंय आणि तू मान मागं टाकून हसतेस. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड सगळं उघडं, मागची पडलेली दाढही दिसते.

कारकुनानं तो हातात घेऊन उलटासुलटा बघितला. म्हणाला, मॅडम, मयताचा असा दात दिसनारा फोटो लावत न्हाईत कुणी. मी म्हटलं, दुसरा नाही. सुजाता दारात उभी होती, तिनंही मान हलवली. तो घेऊन गेला.

आज सकाळी बीडची गाडी धरायच्या आधी मी आणि सुजाता गावात जाऊन आलो. हॉल उघडा होता, शिपाई झाडत होता. तू भिंतीवर होतीस. शेजारी थोरले चेअरमन, फेटा बांधलेले, ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या ताणलेल्या. इतकी वर्षं तो फोटो तिथं आहे, त्या तोंडावर काय लिहिलंय ते मी कधी नीट वाचलंच नव्हतं. आज तू जवळ असल्यामुळं कळलं. जवळ कुणीतरी काहीतरी नासकं आणून ठेवल्यावर होतं तसं तोंड होतं ते. सुजाताला ते दिसलं आणि तिला हसू फुटलं. मग मला.

शिपाई झाडू थांबवून आमच्याकडं बघत राहिला. मग जवळ येऊन दबल्या आवाजात म्हणाला, की साहेब येऊन गेले, त्यांना जरा खटकलं. थोरल्या साहेबांच्या शेजारी ताईंचं असं हसणं बरं दिसत न्हाई. दुसरा फोटो मिळंल का.

मी म्हटलं, "ज्यांच्या शेजारी बरं दिसत न्हाई, त्यांचा काढा."